काचेच्या पेटीतली चपाती

इंग्लंडहून परत आल्यापासून कराडात जो भेटेल तो पहिल्यांदा थंडीचं विचारतो. दुसरा प्रश्न राजवाडा पाहिला का, आणि तिसरा, तिकडं जेवणाचे हाल झाले का. पहिल्या दोन प्रश्नांना मी चटकन उत्तर देतो. तिसऱ्यापाशी माझी गाडी अडते. हाल काही झाले नाहीत, पण एका चपातीचं सांगण्यासारखं आहे, आणि ते चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या सांगून होत नाही. म्हणून वही घेऊन बसलो.

हीथ्रो

आम्ही दोघं निघालो ते नवरात्राच्या आठवडाभर आधी. मी म्हणजे एकतीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेला मास्तर. शालन, माझी बायको, सातवीपर्यंत शिकलेली, पण घरात शेवटचा शब्द तिचाच. लेक मानसी रीडिंगला असते. ती तिथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, जावई कॉम्प्युटरच्या कंपनीत, आणि नात ईरा नऊ वर्षांची. मानसी फोनवर म्हणाली होती, "बाबा, या वेळी नवरात्र इकडे करा. ईराला एकदा तरी घट बघू दे."

विमानतळावर आम्हांला बाजूला घेतलं. आमच्या बॅगेत पितळेचा एक डबा होता आणि तो यंत्रात काळा गोळा दिसत होता म्हणे. उंच, तांबूस दाढीचा अधिकारी. त्यानं झाकण उघडलं आणि आतली चकली दोन बोटांत धरून उजेडाकडे केली. तिच्या वेढ्यांतून तो माझ्याकडे बघत होता.

"हे काय आहे?"

मी भाजणीपासून सुरुवात केली. तांदूळ, हरभराडाळ, धणे. शिकवायची सवय वाईट. मागं रांग वाढत गेली. शेवटी त्यानं हात वर केला आणि विचारलं, "कुठं नेताय?"

"मुलीकडे."

त्यानं चकली परत डब्यात ठेवली, झाकण हळूच दाबून बसवलं आणि म्हणाला, "नशीबवान आहे तुमची मुलगी."

"काय म्हणाला?" शालननं बाहेर पडता पडता विचारलं. मी सांगितलं. "बघा," ती म्हणाली, "साहेबालापण कळतं."

हा किस्सा मी त्या दिवशी हसण्यावारी नेला. त्याची आठवण पुढं वेगळी येणार होती.

रीडिंग

पहिले तीन-चार दिवस मी अर्धा झोपेतच होतो. शरीर इकडे आणि झोप कराडात. सकाळी खिडकीतून बघावं तर समोरची घरं दुधात बुडवल्यासारखी, नुसती धुराडी वर आलेली. थेम्स नदीकाठी फिरायला गेलो की धुक्यातून आधी हंसाची मान दिसे आणि मागून सावकाश हंस येई. बागेतल्या बाकावर बसलं की कधी पुण्याची, कधी नागपूरची मराठी कानांवर पडे. "अरे, कौन्सिल टॅक्सचं लेटर आलं का तुझं?" असं कोणीतरी बोलत जाई आणि मला वाटे, स्वप्नातच कोणी मराठी बोलतंय.

ईरा मात्र टक्क जागी होती. तिची मराठी म्हणजे लंगडत चाललेली. "आजी, हा पोळी खूप मोठा आहे," असं म्हणायची आणि शालन तिला कधी दुरुस्त करायची नाही. एके दिवशी मी तिचं इतिहासाचं पुस्तक चाळलं. रोमन होते, राजाच्या सहा बायका होत्या, लंडनची आग होती.

"अठराशे सत्तावन्न शिकवलं का गं?"

"ते काय असतं?"

झालं. जेवणाच्या टेबलाचा वर्ग झाला. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना लग्नाची तारीख आठवत नसेल, पण हे आठवत असतं: राजकीय, आर्थिक, सामाजिक-धार्मिक, लष्करी आणि तात्कालिक कारणं. आमच्या साताऱ्याचं राज्य दत्तक नामंजूर म्हणून खालसा झालं ते राजकीयमध्ये. काडतुसांना लावलेली चरबी ते तात्कालिकमध्ये. आणि माझा हातखंडा भाग म्हणजे उठावाआधी उत्तरेत गावोगाव फिरलेल्या चपात्या. एका गावचा चौकीदार रात्रीत दुसऱ्या गावी चपाती पोचवतो, तो नव्या भाजून पुढच्या गावी. सरकार हादरतं, पण कोणाच्या तोंडून शब्द निघत नाही! इथं मी वर्गात डस्टर आपटायचो. त्या चपात्यांचा अर्थ अजून कोणालाही नक्की लावता आलेला नाही, हे मला ठाऊक होतं. पण ते सांगितलं की गोष्टीतली हवा जाते, म्हणून मी सांगत नसे.

"पण आजोबा, चपातीत काय लिहिलं होतं?" ईरानं विचारलं.

"काही नाही."

"मग लोकांना कसं कळलं?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न एकाही पोरानं विचारला नव्हता. मी पाणी प्यायलो.

मानसी ओट्यापाशी भांडी पुसत होती. ती म्हणाली, "बाबा, एडिथकडे तसली एक चपाती आहे. ओरिजिनल. काचेच्या बॉक्समध्ये."

एडिथ म्हणजे मानसी शिकायला म्हणून पहिल्यांदा या देशात आली तेव्हा जिच्या घरी भाड्यानं राहिली होती ती बाई. वय अठ्ठ्याऐंशी. विल्टशरमध्ये एका लहान गावात एकटी राहते. तिचे पणजोबा सत्तावन्न साली आपल्याकडे पलटणीत अधिकारी होते. "तिला ती चपाती आता तिथल्या म्युझियमला द्यायचीय," मानसी म्हणाली, "आणि लेबल काय लिहायचं म्हणून ती अडलीय. तुम्ही हिस्टरीचे टीचर म्हटल्यावर म्हणाली, पाठवच त्यांना. मला लीव्ह नाही, पण ट्रेन डायरेक्ट आहे. जाल ना?"

माझे पाय जमिनीला लागेनात.

विल्टशर

रीडिंगहून गाडी पश्चिमेला निघाली की थोड्या वेळानं एक कालवा सोबतीला येतो. रुळांच्या बाजूबाजूनं तो सावकाश वाहतो, खरं तर वाहतच नाही. त्यात लांबोळ्या रंगीत होड्या, होडीच्या टपावर कुंड्या, कुंडीमागं मांजर. एका होडीच्या चिमणीतून धूर निघत होता आणि आत कोणीतरी चहा करत असणार. शालन म्हणाली, "किती निवांत आहे हो. यांनी आपल्याकडे कशाला यायचं होतं?" इतिहासाच्या मास्तराला याचं उत्तर यायला हवं. 

मग टेकड्या आल्या. मऊ, हिरव्या, झाड नसलेल्या. एका उतारावर गवत खरवडून खालच्या पांढऱ्या खडूच्या दगडात भला मोठा घोडा काढलेला. ढगातून ऊन आलं की तो उजळायचा, गेलं की विझायचा.

स्टेशनवर एडिथबाई स्वतः गाडी घेऊन आल्या होत्या. उंच, थोड्या वाकलेल्या, पायांत चिखलाचे बूट. "मला एडिथ म्हणा," म्हणाल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला नुसतं एडिथ! माझी जीभ रेटेना. शालननं सरळ 'बाई' म्हणायला सुरुवात केली आणि त्यांना ते आवडलं असावं, कारण त्या प्रत्येक 'बाई'ला वळून बघत होत्या.

घराचं छप्पर गवतानं शाकारलेलं. फाटकाबाहेर टोपलीभर सफरचंदं आणि पाटी, हवी तितकी घ्या. मानसीला विचारून त्यांनी मुद्दाम शाकाहारी, लीक नावाच्या कांद्याच्या पातीसारख्या भाजीचं आणि बटाट्याचं सूप केलं होतं. मागून स्कोन नावाचा जाडजूड गोड पाव आणि घरचा आलुबुखाराचा जॅम. शालननं चव घेऊन "मोरंबाच की," म्हटलं आणि किती साखर घातली ते हातवाऱ्यांनी विचारलं. दोघींचं हातवाऱ्यांवर बरं चाललं होतं.

जेवणानंतर त्या आम्हांला चर्चमध्ये घेऊन गेल्या. आत ओल्या दगडाचा आणि मेणाचा वास, आणि रंगीत काचांतून आलेला निळा उजेड फरशीवर सांडलेला. भिंतीवर त्यांच्या पणजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी होती. त्यांनी आपल्या दक्षतेनं साताऱ्याजवळच्या मुलखात बंडाची ठिणगी वेळीच विझवली, असा मजकूर. साताऱ्याच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त होतं. माझ्या जिल्ह्याचं नाव इतक्या लांब, इतक्या थंड भिंतीवर मी दोनदा वाचलं. अभिमान वाटावा की राग, ते काही केल्या ठरेना.

"आमच्या घरात याला म्युटिनी म्हणत," एडिथबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे?"

"स्वातंत्र्यसमर."

त्यांनी मान हलवली. "एकाच वर्षाची दोन नावं," म्हणाल्या आणि पाटीवरची धूळ हातमोज्यानं पुसली.

घरी येऊन त्यांनी पेटी काढली. तळहाताएवढी, चारी बाजूंनी काच, सांधे लाखेनं बंद केलेले. आत जुन्या मखमलीवर एक गोल, काळपट तपकिरी, पातळ चकती. काठाजवळ एक भोक.  जिच्यासाठी मी एकतीस वर्षं डस्टर आपटलं ती वस्तू माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

मग त्यांनी पणजोबांनी घरी धाडलेलं पत्र काढलं आणि चष्मा लावून त्यातली हकीकत सांगितली; मी ती शालनला मराठीत सांगत गेलो. पाऊस संपून थोडे दिवस झाले होते. उत्तरेतल्या बातम्यांनी छावणीत कोणाला झोप नव्हती. एका पहाटे गस्तीवर असताना पणजोबांना रस्त्यानं चाललेला एक माणूस दिसला. डोक्यावर गाठोडं. सोडलं तर आत या असल्या चपात्या. दुभाषा तापानं पडला होता, त्यामुळे मोडक्यातोडक्या शब्दांत विचारलं, कुठं नेतोस? त्यानं पुढच्या गावाकडे बोट केलं. कशासाठी? तो पुष्कळ बोलला, पण कोणाला काही कळलं नाही. मग त्यानं त्यातली एक मोडली, स्वतः खाल्ली, आणि हसून एक पणजोबांपुढं धरली. एवढा उद्दामपणा त्यांनी कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याला झाडाला फाशी दिलं. चपातीचं भोक ही खुणेची भाषा असावी, असंही पत्रात होतं.

एडिथबाईंनी चष्मा काढला. "लहानपणी ही आमच्या घरातली शौर्याची गोष्ट होती. पण सात-आठ वर्षांची असताना मी आजोबांना विचारलं होतं, तो का हसला? मला उत्तर नाही मिळालं. आता मूलबाळ नाही, मागं कोणी नाही. हे म्युझियमला देण्याआधी मला एवढंच समजून घ्यायचंय. तो खरोखर निरोप घेऊन चालला होता का?"

मी बोलणार तेवढ्यात शालन पेटीवर वाकली. पदरानं काच पुसली, पेटी उजेडाकडे तिरकी केली आणि म्हणाली, "अहो, ही चपाती कुठाय? ही कडाकणी आहे."

मी वाकून पेटीत बघितलं.

"काठाला चिमटे घेतलेत बघा. गुळाच्या पाण्यातली आहे म्हणून एवढी काळी पडलीय. आणि हे भोक दोऱ्याचं. फुलोऱ्याला टांगलेली आहे ही. सांगा त्यांना."

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या साताऱ्या-कोल्हापूरकडे नवरात्रात गव्हाच्या पिठाच्या, गुळाच्या, कडक तळलेल्या पातळ कडाकण्या करतात. दोरा ओवून त्या घटावर टांगतात, तो देवीचा फुलोरा. दसऱ्याला उतरवून वाटून खातात. भावकीत, शेजारी, सासरी दिलेल्या लेकींना पोचवतात. पाऊस संपून थोडे दिवस झाले होते, म्हणजे नवरात्र-दसऱ्याचेच दिवस. मला हे सगळं त्या क्षणी लख्ख कळलं. आईच्या आणि मग शालनच्या हातच्या कडाकण्या मी साठ वर्षं खात आलो होतो. तरी ओळखली नाही, कारण मला चपाती बघायची होती.

एडिथबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "काय म्हणतायत त्या?"

आणि मी म्हणालो, "ती म्हणते, फार सुबक केलेली आहे."

"मग तो निरोप्या होता?"

"हो," मी म्हणालो. "बहुधा."

का म्हणालो, हे नीट सांगायला हवं. त्यांचं मन राखायला म्हणून, असं मी स्वतःला समजावलं. पाहुणचार घेतलेल्या घरात म्हातारीला कसं सांगायचं की तुझ्या पणजोबांनी खाऊ नेणाऱ्याला मारलं? पण ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं हे, की मला माझी चपाती हवी होती. त्यांनी एका कागदावर 'निरोप्या' असं लिहून घेतलं आणि माझे आभार मानले. म्युझियमची माणसं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होती.

परतीच्या गाडीत पांढरा घोडा मागं गेला. कालवा आला तेव्हा शालन म्हणाली, "बाईंच्या तोंडावरची रेघ हलली नाही. काय सांगितलंत तुम्ही?"

मी सांगितलं.

तिनं हातातलं सफरचंद पिशवीत ठेवलं. मग म्हणाली, "त्या बिचाऱ्याच्या वेळी दुभाषा नव्हता. आज होता की."

परत रीडिंग

पुढचे दिवस शालन माझ्याशी कामापुरतं बोलत होती. घरात घट बसलेला, रोज माळ चढत होती, आणि मी सोफ्यावर बसून धुकं बघत होतो. डोळा लागला की तो माणूस दिसायचा. स्वप्नात रस्ता कराडजवळचा असायचा आणि धुकं इथलं. डोक्यावर गाठोडं घेऊन तो माझ्यापाशी येऊन थांबायचा आणि बोलायला लागायचा, चांगल्या खणखणीत मराठीत. मला सगळं कळायचं. कोणी तरी मागून विचारायचं, काय म्हणतोय? आणि मी म्हणायचो, काही नाही.

अष्टमीला कडाकण्या करायचं ठरलं. ईरा बाह्या सरसावून बसली. शालन लाटत होती, ईरा काठाला चिमटे घेत होती आणि काडीनं भोक पाडत होती. त्याच पिठाची देवीची वेणी झाली, फणी झाली, आरसा झाला. "आजी, हा फणी देवी खरंच वापरते?" "वापरते की." तळणीचा पहिला धूर वर गेला आणि छतातल्या यंत्रानं असा काही ठणाणा केला की शेजारचे धावत बाहेर आले. मी खुर्चीवर चढून त्या यंत्राला टॉवेलनं वारा घालत होतो आणि मानसी दारात शेजाऱ्यांना सांगत होती, "सो सॉरी, फेस्टिव्हल कुकिंग." बाकीचे गेल्यावर एक शेजारीण स्वतःच दोन कडाकण्या मागून घेऊन गेली. पडद्याच्या दांडीला फुलोरा बांधला. वाऱ्यानं कडाकण्या एकमेकींवर आपटून वाजत होत्या.

तो आवाज ऐकत मी मानसीला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या बाबा. ती म्हणाली, "तुम्ही मला पेपरात कॉपी करताना पकडलं असतं तर काय केलं असतं?"

"मानसी, त्यांच्या घराण्याची गोष्ट आहे ती. पाटी आहे चर्चमध्ये."

"मग?" शालन ओट्याकडून म्हणाली. "त्याला कुठं पाटी आहे?"

दसऱ्याच्या सकाळी शालननं फुलोरा उतरवला, कडाकण्या पितळेच्या डब्यात भरल्या आणि डबा माझ्या हातात दिला. आपट्याची पानं तिथं कुठली मिळायला. ईरानं बागेतल्या झाडाची दोन पिवळी पानं माझ्या खिशात घातली आणि म्हणाली, "आजोबा, हे सोना आहे."

पुन्हा विल्टशर

त्या दिवशी घोडा दिसलाच नाही. टेकड्या धुक्यात गेल्या होत्या आणि गाडी कुठून कुठं चाललीय याचा पत्ता लागत नव्हता. शालन शेजारी, डबा माझ्या मांडीवर. समोरच्या बाकावरच्या बाईनं हसून डब्याकडे बघितलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरलाय.

एडिथबाईंनी पेटी कपड्यात गुंडाळून टेबलावर तयार ठेवली होती. वर लेबलाचा कागद, त्यावर 'निरोप्या'. मी कोट काढायच्या आधीच बोललो. उशीर केला असता तर धीर सुटला असता.

"मी गेल्या खेपेला तुम्हांला खोटं सांगितलं. माझी बायको जे म्हणाली ते मी सांगितलंच नाही. आज ती बोलेल आणि मी शब्दाला शब्द सांगेन."

त्या खाली बसल्या. शालननं डबा उघडला, एक गोल कडाकणी काढली आणि पेटीशेजारी ठेवली. काही बोलायची तशी गरजच नव्हती. काठाचे चिमटे तेच, आकार तोच, दोऱ्याचं भोक त्याच जागी. नव्या कडाकणीच्या भोकात दोऱ्याचा लाल धागा अजून अडकलेला होता.

शालन बोलत गेली. फुलोरा, देवी, गूळ, दसरा. मी सांगत गेलो. एकही शब्द गाळला नाही, एकही पदरचा घातला नाही. शिकवताना इतकं सावधपणे मी कधी बोललो नव्हतो.

"मग त्यानं एक मोडून खाल्ली ती?" एडिथबाईंनी विचारलं.

"विष नाही, खायचं आहे, एवढंच दाखवायला," शालन म्हणाली. "आणि दुसरी त्यांना दिली. सणाचं आहे, समोर आलेल्याला दिल्याशिवाय कसं जायचं?"

हे मी इंग्रजीत सांगितलं. एडिथबाई उठून खिडकीपाशी गेल्या. बाहेर बागेत काही दिसत नव्हतं, नुसतं पांढरं. त्यांची पाठ आमच्याकडे होती. मला वाटलं, आता आपल्याला जा म्हणतील, आणि म्हणाल्या असत्या तरी चुकलं नसतं.

"म्हणजे तो पाहुणचार करत होता," त्या म्हणाल्या.

मग परत येऊन बसल्या. "तो कुठं नेत असेल?"

मी शालनकडे बघितलं. ती डब्यावर हात ठेवून बसली होती, त्याच डब्यावर, ज्यातली चकली एका साहेबानं उजेडाकडे धरली होती.

"पहाटे निघून, पायी, दुसऱ्या गावाला, डोक्यावर कडाकण्या," शालन म्हणाली. "लेकीकडे. आणखी कुठं जाणार?"

मी तेही सांगितलं. एडिथबाईंनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच ओघळू दिलं. इतक्या वयाच्या बाईला परक्यांसमोर रडताना मी पहिल्यांदाच बघत होतो आणि मला त्याची लाज वाटली नाही, माझीच वाटली. थोड्या वेळानं त्यांनी हात पुढं केला. शालननं ताजी कडाकणी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती मोडली. त्या शांत घरात कडकन आवाज झाला. अर्धी त्यांनी शालनला दिली आणि अर्धी खाल्ली, सावकाश, शेवटच्या कणापर्यंत.

'निरोप्या' लिहिलेला कागद त्यांनी शेगडीत टाकला. नवं काय लिहायचं ते एकदा विचार करून लिहीन, म्हणाल्या. शालनचं म्हणणं होतं की ती जुनी कडाकणी कालव्यात सोडावी, देवीचं असलेलं असं कोंडून ठेवू नये. मी म्हटलं, पुरावा आहे तो, राहू दे. दोघांचंही सांगितल्यावर एडिथबाई म्हणाल्या, "राहू दे. पाण्यात सोडली तर मला फार सोपं जाईल." निघताना मी खिशातलं पिवळं पान त्यांना दिलं आणि सोनं म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी ते त्या पत्रात ठेवलं.

कराड

आम्ही दिवाळी तिकडे करून परतलो. थंडीत एडिथबाईंचं पाकीट आलं. आत म्युझियममधला फोटो. काचेची पेटी, तिच्याखाली छापलेलं लेबल. दाराशी टांगलेल्या नव्या तोरणाखाली उभं राहून मी तो बघितला. शालन आत परातीत कणीक मळत होती. मी तिला मराठीत वाचून दाखवलं.

"नवरात्र या सणाचा गोड पदार्थ, कडाकणी. सातारा, सन अठराशे सत्तावन्न. पुढच्या गावाला निघालेल्या एका माणसाकडून ही काढून घेतली. त्याला फाशी देण्यात आलं. त्याचं नाव कोणी विचारलं नाही."

शालनचे हात थांबले. "लेकीकडे चालला होता, ते लिहिलंय का?"

"नाही," मी म्हणालो. "ते कसं लिहिणार? आपल्याला नक्की ठाऊक कुठाय? पुरावा लागतो."

"तुम्हांला नसेल ठाऊक," ती म्हणाली आणि पुन्हा कणीक मळायला लागली. "तिकडं ती दिवसभर दारात उभी राहिली असंल."